एस१४ ड्रिफ्टसाठी: सस्पेन्शन आणि स्टिअरिंगमध्ये आधी काय बदलावं?

चाकधूर

मंडळी, निसान एस१४ फक्त ट्रॅकवर ड्रिफ्टसाठी (मागची चाकं घसरवत गाडी तिरकी चालवणं) तयार करतोय. एसआर२०डीईटी इंजिन मूळ ताकदीवरच आहे, मागचा डिफरेन्शियल वेल्ड केलेला, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात. उंची बदलता येणारे कॉइलओव्हर आहेत, स्प्रिंग पुढे ८ आणि मागे ६ किलो/मिमी. चाकं १७ इंची, टायर पुढे २२५, मागे २३५. बाकी सगळे आर्म आणि बुश मूळचे आहेत, रबर जुनं झालंय. पुढचा कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती झुकलंय; उणे म्हणजे आत) उणे २ अंश आहे, टो (चाकांची पुढची कड आत, म्हणजे टो-इन, की बाहेर, म्हणजे टो-आउट) मोजलेला नाही.

तीन तक्रारी आहेत:
१. गाडीचा तिरका कोन वाढला की लॉक (स्टिअरिंगने चाक वळण्याची मर्यादा) संपतो आणि गाडी फिरून जाते.
२. फुल लॉकवरून परत येताना स्टिअरिंग मध्येच जड होतं, मग एकदम सुटतं.
३. बाजू बदलताना गाडीचं पुढचं टोक दोनदा हलतं.

पूर्ण अँगल किट (पुढची चाकं जास्त वळू देणारे भाग) एकदम बसवावं की टप्प्याटप्प्याने जावं? टप्प्याने गेलो तर पहिला कोणता?

रॅकपिनियन

किटचा विचार नंतर करा, आधी दुसऱ्या तक्रारीचं मूळ शोधा. ती तशीच ठेवून लॉक वाढवलात तर ती दुप्पट होऊन परत येईल.

पुढची बाजू उचलून स्टँडवर घ्या, पण चाकं लोंबकळत ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या लोअर आर्मच्या टोकाखाली आधार देऊन सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला आणा. मग इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत सावकाश फिरवा. प्रत्येक वेळी त्याच जागी अडत असेल तर दोष यांत्रिक आहे. टायर टेन्शन रॉडला (लोअर आर्मला पुढे-मागे धरणारा दांडा) किंवा अँटी-रोल बारला घासत असेल, आतला टाय रॉड (स्टिअरिंग रॅकला चाकाशी जोडणारा दांडा) त्याच्या कोनाच्या मर्यादेला टेकत असेल, नाहीतर टाय रॉड आणि नकलचा (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) स्टिअरिंग आर्म जवळजवळ एका रेषेत येत असतील.

यातलं शेवटचं कारण सगळ्यात धोक्याचं. दोन्ही एका रेषेत आले की रॅकने (स्टिअरिंग फिरवल्यावर आडवी सरकणारी दातेरी दांडी) कितीही ओढलं तरी चाक वळवायला जोर मिळत नाही, आणि रेषा ओलांडली तर चाक उलट्या बाजूला अडकून बसतं. स्टँडवर थोडी जागा दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. भार आला की रबरी बुश दबतात आणि तेवढी जागा संपते.

इंजिन बंद असताना कुठेच अडत नसेल आणि इंजिन चालू करून झपाट्याने फिरवल्यावरच जड होत असेल तर दोष पॉवर स्टिअरिंगचा. ड्रिफ्टमध्ये चाकं स्वतःहून उलट वळतात, तेव्हा रॅक इतक्या वेगाने सरकतो की पंपाचं तेल पुरं पडत नाही. पट्टा घसरतो का बघा. टाकीतल्या तेलाला फेस आला असेल तर टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जोडातून हवा शिरत असेल. तेल काळं पडून जळका वास येत असेल तर ते बदलून परतीच्या नळीवर छोटा कूलर बसवा. हे काम अँगल वाढवायच्या आधीच करून टाका.

कॅम्बरगेज

तिसरी तक्रार जुन्या रबराची आहे. बाजू बदलताना वजन एकीकडून दुसरीकडे जातं. आधी शॉक आणि स्प्रिंग दबतात, त्यानंतर टेन्शन रॉडचं आणि रॅकचं रबर दबतं. म्हणून धक्के दोन जाणवतात. त्यामुळे पहिला खर्च रॅकच्या बुशवर करा, पॉलियुरेथेन किंवा ॲल्युमिनियम, आणि दुसरा लांबी बदलता येणाऱ्या टेन्शन रॉडवर. सोबत पुढच्या चाकांचे बेअरिंग, लोअर बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं तपासा. चाक ३ आणि ९ वाजताच्या जागी धरून हलवा: खेळ जाणवला तर टाय रॉड किंवा रॅक. १२ आणि ६ ला धरून हलवल्यावर जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट.

त्यानंतर अलाइनमेंट. तुमच्या गाडीसाठी सुरुवातीचे आकडे:

पुढे कॅस्टर (चाक वळण्याचा अक्ष वरून मागे किती झुकलाय) ६.५ ते ७.५ अंश, दोन्ही बाजूंना सारखा. कॅम्बर उणे ३.५ ते उणे ४. टो शून्य किंवा एकूण २ मिमी टो-आउट.
मागे कॅम्बर शून्य ते उणे १, टो शून्य किंवा एकूण २ मिमी टो-इन.

पुढे एवढा कॅम्बर कशाला, हा प्रश्न हमखास येतो. डावीकडच्या वळणात ड्रिफ्ट करताना गाडीचा भार उजव्या पुढच्या चाकावर असतो, पण स्टिअरिंग उजवीकडे असतं. म्हणजे भार घेणारं चाक हे स्टिअरिंगच्या हिशेबाने आतलं चाक ठरतं, आणि कॅस्टरमुळे आतल्या चाकाचा उणे कॅम्बर कमी होतो. कॅस्टर ७ अंश आणि लॉक ४० अंश धरा. ७ गुणिले साइन ४०, म्हणजे साधारण ४.५ अंश तिथेच जातात. नकल ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या आत झुकलेल्या तिरपेपणामुळे आणखी काही अंश त्याच दिशेने सरकतात, वर बॉडी कलते ती वेगळीच. उणे २ वर सुरुवात केली तर फुल लॉकला ते चाक टायरच्या बाहेरच्या कडेवर उभं असतं. तुमची गाडी फिरून जाते त्यामागे लॉक कमी पडणं हे अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं म्हणजे पुढच्या टायरची पकड त्याआधीच सुटते.

म्हणून कॅम्बर सरळ चाकावर मोजून थांबू नका. चाकं फुल लॉकला नेऊन पुन्हा मोजा.

उलटलॉक

निदान पटतं, क्रम पटत नाही. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मग आधी टेन्शन रॉड, मग स्पेसर, मग लोअर आर्म, मग नकल असं करत गेलात तर प्रत्येक टप्प्याला पुन्हा अलाइनमेंट, आणि शेवटी निम्मे सुटे भाग काढून टाकावे लागतील. वाईजफॅब किंवा जीकेटेक यांच्यासारख्यांच्या पूर्ण किटमध्ये नकल, लोअर आर्म आणि टाय रॉड एकमेकांचा हिशेब धरून बनवलेले असतात. अॅकरमन, अक्षाचा तिरपेपणा, रोल सेंटर (बॉडी ज्या बिंदूभोवती कलते) आणि बंप स्टिअर (चाक वर-खाली जाताना टो बदलणं) हे चारही एकदम जागेवर येतात. वेगवेगळ्या ठिकाणचे भाग एकत्र केल्यावर ते जुळतील याचा भरवसा नसतो.

अॅकरमनचं विशेष. मूळ गाडीत वळणाच्या आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. साध्या वळणात ते योग्यच आहे. पण ड्रिफ्टमध्ये पुढच्या दोन चाकांपैकी भारित चाक जास्त वळतं आणि हलकं चाक कमी. मोठ्या लॉकला ही तफावत अनेक अंशांची होते. हलकं चाक ब्रेकसारखं घासत राहतं, गाडीचा वेग मरतो आणि स्टिअरिंग हाताला झटके देतं. चांगल्या किटमध्ये दोन्ही चाकं जवळजवळ समांतर वळतात.

रॅकपिनियन

पूर्ण किट उत्तम, यात वाद नाही. पण जुन्या रबरावर आणि तापलेल्या पंपावर बसवलेल्या किटची परीक्षा होत नाही. किट बसवून गाडी नीट चालली नाही तर दोष नेमका कुठे शोधणार? रॅकचे बुश, पंप, बेअरिंग ही कामं किट घेतलं तरी करावीच लागतात, त्यामुळे तो खर्च वाया जाणारा नाही. टेन्शन रॉड मात्र किटसोबत येतात का ते आधी बघा. येत असतील तर वेगळे घेऊ नका.

मधला टप्पा हवा असेल तर रॅक स्पेसर. टाय रॉडचं आतलं टोक आणि रॅक यांच्यामध्ये बसणारी ही चकती. टोक बाहेर सरकतं, त्यामुळे रॅक घराला टेकण्याआधी तेवढाच जास्त सरकतो. स्टिअरिंग आर्मची परिणामकारक लांबी १२० मिमी धरली तर ३५ अंशांच्या आसपास रॅकच्या प्रत्येक मिमीला सुमारे ०.६ अंश मिळतो. ५ मिमीचा स्पेसर म्हणजे जवळजवळ ३ अंश. ऐकायला कमी वाटतं, पण मूळ लॉकवर ३ अंशांनी बराच फरक पडतो.

बसवताना या गोष्टी सांभाळा:

स्पेसर जेवढा जाड, तेवढे टाय रॉडचे आटे रॅकमध्ये कमी शिरतात. साध्या टोकासोबत ५ मिमीच्या पुढे जाऊ नका. त्याहून जास्त हवं असेल तर लांब आट्यांचं टोक घ्या.

टोकामागची लॉक वॉशर तिच्या खाचेत बसवून कडा नीट वाकवा. स्पेसरमुळे ती खाच सापडत नसेल तर स्पेसर चुकीचा आहे. वॉशर सोडून देऊन नुसत्या थ्रेड लॉकरवर भागवायचं नाही.

घट्ट करताना रॅक पान्यात धरा, पिनियनवर जोर येऊ देऊ नका, आणि पाना दात असलेल्या किंवा सील फिरणाऱ्या भागावर लावू नका. तिथे एक ओरखडा पडला तरी तेल गळणार.

शेवटी रबरी बूट दोन्ही लॉकला ताणून फाटत नाही ना ते बघा. धूळ आत गेली की जॉइंट लवकर संपतो.

कॅम्बरगेज

लोअर आर्मबद्दल एक मुद्दा राहिला. २० ते २५ मिमी लांब आर्म घेतला की चाक तेवढं बाहेर येतं आणि फुल लॉकला आतल्या बाजूची घासाघीस कमी होते. पण त्यासोबत कॅम्बर बराच उणे होतो आणि तो वरच्या माउंटवर परत आणावा लागतो. टाय रॉडही त्याच प्रमाणात लांब करावा लागतो. आट्याचं टोक आत किती शिरलंय हे मोजा. व्यासाच्या किमान दीडपट हवं, म्हणजे १६ मिमीच्या टोकाला २४ मिमी. त्यापेक्षा कमी असेल तर लांब टाय रॉड घ्या, ओढूनताणून जमवू नका.

उंचीही बघून घ्या. गाडी फार खाली बसवली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर जातं. रोल सेंटर खाली घसरतं, बॉडी जास्त कलते आणि दबताना टो झपाट्याने बदलतो. आर्म जमिनीला समांतर किंवा बाहेरचं टोक किंचित खाली, अशी उंची ठेवा. त्याहून खाली हवं असेल तर बॉल जॉइंट आणि टाय रॉड, दोन्हींची टोकं खाली आणणारे भाग लागतील. दोन्हींपैकी एकच बदललात तर बंप स्टिअर वाढतो.

बंप स्टिअर तपासायला पुढची स्प्रिंग काढून शॉक तसाच लावा. चाक नेहमीच्या उंचीपासून ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली, १०-१० मिमीने न्या आणि दर वेळी टो लिहून ठेवा. स्टिअरिंग बांधून ठेवायला विसरू नका, नाहीतर सगळे आकडे फुकट.

चाकधूर

अडणारी जागा सापडली. आधार देऊन फिरवल्यावर डावा टायर फुल लॉकच्या थोडं आधी टेन्शन रॉडला घासतोय, रॉडवर चकाकी आलेली दिसते. रबर, पंप, अलाइनमेंट हे आधी करतो. मागच्या बाजूला काय करायचं? आणि घरी नकल कापून वेल्ड करणं कितपत शहाणपणाचं?

उलटलॉक

डाव्या बाजूला ५ मिमी व्हील स्पेसर तात्पुरता लावून जागा किती मिळते ते बघा, पण तो कायमचा उपाय नाही. चाक बाहेर गेलं की स्टिअरिंगला खड्ड्यांचे झटके जास्त बसतात. स्टडवर नट पुरेसे आटे पकडतो का तेही बघा. तोपर्यंत रॅकला लॉक थांबवणारी चकती लावून टायर रॉडपर्यंत पोहोचू देऊ नका.

नकल घरी वेल्ड करू नका. आर्म आखूड करताना सगळा भार त्या एका सांध्यावर येतो, आणि आर्म आखूड म्हणजे टाय रॉडमधला जोर मूळपेक्षा जास्त. धातू कोणत्या जातीचा आहे हे माहीत नसताना, आधी तापवणं आणि नंतर सावकाश थंड करणं न सांभाळता केलेला वेल्ड त्याच्या शेजारी तडकतो. आणि तो तडकतो तेव्हा चाक पूर्ण भारात असतं. तयार, तपासलेली नकल घ्या, नाहीतर मूळचीच ठेवा.

मागचा_आस

मागच्या बाजूचं मी सांगतो. गाडीत सुपर हायकास (मागची चाकंही वळवणारी निसानची यंत्रणा) असेल तर आधी तो लॉक बार लावून बंद करा. मागची चाकं स्वतःहून वळत असतील तर पुढच्या कुठल्याही आकड्याला अर्थ नाही.

मग सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट) बुश. ॲल्युमिनियमचे घेतलेत तर थ्रॉटलला गाडीचं उत्तर लगेच मिळतं. ट्रॅकच्या गाडीला आवाजाची चिंता नाही. त्यानंतर लांबी बदलता येणारे वरचे आर्म आणि टो आर्म, कारण मूळ बोल्टवर कॅम्बर आणि टो हवे तसे मिळत नाहीत आणि जोरात चालवल्यावर ते सरकतात.

ट्रॅक्शन रॉड घेतलात तर तो अंदाजाने लांब-आखूड करू नका. चाक वर-खाली जाताना मागचा टो किती बदलतो हे त्याच्या लांबीवर ठरतं. पुढच्यासारखंच १०-१० मिमीने मोजा आणि बदल सगळ्यात कमी येईल तिथे लॉक करा. वरच्या आर्मची लांबी नंतर बदललीत तर हे माप पुन्हा घ्या.

मागच्या ६ किलोच्या स्प्रिंगबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. इंजिन मूळ ताकदीचं आहे तोवर ५ किलोवर मागची बाजू छान बसते आणि टायर जास्त पकड देतो. पण स्प्रिंग बदलण्याआधी मागचा अँटी-रोल बार एका बाजूने सोडून चालवून बघा, फुकटात अंदाज येतो. सोडलेली लिंक काढून ठेवा किंवा पक्की बांधा, ती ड्राइव्ह शाफ्टला लागता कामा नये.

रॅकपिनियन

अलाइनमेंटचा क्रम लिहून ठेवा: टायरची हवा, चारही कोपऱ्यांची उंची, मागचा कॅम्बर, मागचा टो, पुढचा कॅस्टर, पुढचा कॅम्बर, आणि पुढचा टो सगळ्यात शेवटी. ड्रायव्हरच्या वजनाएवढं ओझं सीटवर ठेवूनच मोजा. सगळं झाल्यावर फुल लॉकला, चाक पूर्ण लोंबकळत असताना, ब्रेकची लवचिक नळी आणि एबीएसची तार ताणली जातात का ते हाताने चाचपून बघा. पहिल्या सत्रानंतर गाडी थंड झाली की प्रत्येक लॉक नट पुन्हा तपासा आणि त्यावर रंगाची रेघ मारा, म्हणजे सरकला तर लगेच दिसेल.