डायनासोर एकट्या उल्केनं संपले? मला नाही पटत

खडकफोड्या:
जिथे बघावं तिथे तेच, वरून दगड आला, धडाम, खेळ खलास. अरे पण त्याच सुमारास दख्खनमध्ये लाखो वर्षं लाव्हा वाहत होता त्याचं काय? आजही ५ लाख चौरस किमीच्या आसपास तो बेसॉल्ट पसरलाय, झिजून गेला तो वेगळाच. एवढा कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर हवेत गेल्यावर हवामान ताळ्यावर राहील का? प्रिन्स्टन विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञ गेर्टा केलर कधीपासून हेच सांगतायत. माझं मत, प्राणी आधीच मेटाकुटीला आले होते, उल्केनं शेवटचा धक्का दिला बस.

रात्रपाळी:
लाखो वर्षं हे तूच लिहिलंस ना, मग तिथेच मुद्दा गळपटला. गॅस हळूहळू आला की समुद्र बराचसा रिचवतो. आणि कच्छमध्ये अंजारला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं नि अंड्यांची कवचं मिळालीत, म्हणजे उद्रेक चालू असताना हे तिथेच अंडी घालत होते. ह्याला मेटाकुटीला येणं म्हणतात होय?

खडकफोड्या:
चार जण तगले म्हणजे सगळे मजेत होते असं नाही. २५ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियातल्या ज्वालामुखींनी याहून मोठा संहार केलाय, तिथे कुठली उल्का सापडली दाखव.

अर्धवटराव:
सायबेरियाचं सायबेरियाला. इथे पुरावा समोर आहे राव. १९८० ला शास्त्रज्ञ अल्वारेझ बापलेकांच्या टीमनं इटलीत गुब्बिओला, डायनासोर संपले त्याच काळातल्या चिकणमातीच्या जेमतेम सेंटीमीटरभर थरात भरमसाट इरिडियम दाखवलं (जमिनीवर दुर्मीळ, उल्कांत भरपूर असा धातू), नंतर मेक्सिकोत चिक्शुलूबचं १८० किमीचं विवर मिळालं. २०१६ ला तिथे ड्रिल मारलं तर आजूबाजूला जिप्सम (सल्फर असलेलं खनिज) भरपूर पण धडकेनंतर विवरात साचलेल्या गाळात जवळपास नाहीच, म्हणजे सल्फर वर उडाला, सूर्य झाकला, झाडं बसली. आणि अमेरिकेत नॉर्थ डकोटाला सापडलेले माशांचे जीवाश्म आठवा, कल्ल्यांत काचेचे बारीक गोळे अडकलेले, धडकेनं उडालेला वितळलेला खडक पाण्यात पडत होता आणि हे तोंड उघडं ठेवून पोहत होते. ह्यात लाखो वर्षं कुठे बसवतोस?

चिमणराव_नाही:
मग मगरी, कासवं कशी वाचली ते सांगा ना कोणीतरी

रात्रपाळी:
@चिमणराव_नाही मगर महिनोन् महिने उपाशी राहू शकते, नदीतली साखळी सडक्या पाल्यापाचोळ्यावरही चालते. टी. रेक्सला भरपूर मांस लागणार, ते कुठून आणणार? आणि डायनासोर सगळे गेलेच नाहीत, पक्षी आहेत की.

खडकफोड्या:
मासे मान्य, पण २०१९ ला ‘सायन्स’ नियतकालिकात दोन टीमनी दख्खनचं वय काढलं, एक म्हणते बहुतेक लाव्हा धडकेनंतरचा, दुसरी म्हणते त्याआधीही मोठा लोंढा आला होता. हे जुळत नाही तोवर ज्वालामुखीला क्लीन चिट नाही.

अर्धवटराव:
क्लीन चिट कोण देतंय, आरोपी नंबर दोन म्हणून बसव त्याला. एक नंबरला उल्काच.