लैंगिक छळाची तक्रार केल्यानंतर नोकरी गेली, तर कायदा कितपत पाठीशी उभा राहतो?

अनामिका (प्रश्न)

मी एका खासगी कंपनीत नोकरीस होते. विभागप्रमुखांविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार मी अंतर्गत समितीकडे दिली. चौकशी सुरू असतानाच एचआरने मला बोलावून विभागाची ‘पुनर्रचना’ होत असल्याचे सांगितले आणि राजीनाम्याचा तयार मसुदा समोर ठेवला. सही केल्यास अनुभवाचे प्रमाणपत्र व राहिलेला पगार लगेच मिळेल, न केल्यास दोन्ही रखडतील, असे आडून सुचवण्यात आले. मी सही केली नाही. त्याच संध्याकाळी माझे ईमेल खाते बंद झाले आणि सेवासमाप्तीचे पत्र आले. पत्रात तक्रारीचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. मात्र या पुनर्रचनेत पद गेले ते एकट्या माझेच. मी आता कर्मचारी राहिले नसल्यामुळे चौकशी पुढे चालवता येत नाही, असे समिती म्हणते. हे कायद्याला धरून आहे का? आणि नोकरी परत मिळवण्यासाठी दाद कोठे मागावी?

विधिजिज्ञासू

समितीचे म्हणणे कायद्याला धरून नाही. कामाच्या ठिकाणी महिलांचा होणारा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या 2013 च्या कायद्याच्या कलम 2 मध्ये ‘पीडित महिला’ या संज्ञेची व्याख्या करताना ती नोकरीत असो वा नसो, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे नोकरी संपल्याने तक्रार संपत नाही. चौकशी 90 दिवसांत पूर्ण करण्याचे बंधन समितीवर आहे, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत द्यायचा असतो आणि शिफारशींवर मालकाने 60 दिवसांत कार्यवाही करायची असते. चौकशी बंद करीत असल्याचे समितीने तोंडी सांगितले असेल, तर ते कारणांसह लेखी मागा. असे लिहून देताना पुष्कळ समित्यांना कायदा आठवतो.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. तक्रार केली म्हणून कामावरून काढणे बेकायदा ठरेल आणि संबंधित महिलेला पुन्हा रुजू करून घ्यावे लागेल, असे थेट सांगणारे कलम या कायद्यात नाही, आणि माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. या कायद्याच्या आधी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये दिलेल्या विशाखा निकालातील मार्गदर्शक तत्त्वांत तक्रारदार व साक्षीदार यांना त्रास दिला जाऊ नये, याची काळजी घेण्यास सांगितले होते; कायद्यात ती गोष्ट तितक्या ठामपणे उतरली नाही. जे आहे ते कलम 3 मध्ये आहे. लैंगिक छळाच्या कृत्याशी निगडित अशी नोकरीत अहितकारक वागणूक देण्याची किंवा नोकरीच्या आजच्या वा पुढील स्थितीबद्दलची धमकी, उघड असो वा सूचित, त्या कलमानुसार लैंगिक छळाचाच भाग ठरू शकते. राजीनाम्याच्या मसुद्याची ती बैठक तुम्ही समितीपुढे पुरवणी तक्रार म्हणून अवश्य मांडा. तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची आहे; कारणे नोंदवून समिती ती आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते.

श्रमसल्लागार

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु नोकरी परत मिळवण्याचा मार्ग समितीच्या दारातून जात नाही. सेवासमाप्ती हा स्वतंत्र अन्याय आहे, त्यासाठी दाद मागण्याचे ठिकाण वेगळे आणि मुदतही वेगळी आहे. समितीचा अहवाल येऊ द्यावा आणि मग पाहावे, या विचारात अनेक जणी तो काळ गमावतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 हा मालक-कामगार वादांबाबतचा कायदा लागू आहे. सूडबुद्धीने कामगाराला काढून टाकणे ही तिच्या अनुसूचीनुसार अनुचित कामगार प्रथा आहे. आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे असे वाद तडजोडीने मिटवण्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा. 45 दिवसांत तोडगा न निघाल्यास थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येते, मात्र सेवासमाप्तीपासून दोन वर्षांच्या आत. पुन्हा रुजू करून घेण्याचा आणि मागील वेतनाचा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते.

‘पुनर्रचना’ या कारणाचाही कस लावता येतो. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, तसेच सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते, आणि त्याच प्रवर्गात शेवटी आलेल्याला सर्वसाधारणपणे आधी कमी करायचे असते. तुमच्यानंतर रुजू झालेले सहकारी कामावर असतील, किंवा त्याच कामासाठी नवी जाहिरात निघाली असेल, तर कंपनीला त्याचे उत्तर द्यावे लागेल.

अनामिका

आपणां दोघांचे आभार. माझे पदनाम ‘सहायक व्यवस्थापक’ असे होते. एचआरच्या मते त्यामुळे मी ‘कामगार’ ठरतच नाही.

श्रमसल्लागार

पदनामावरून काहीच ठरत नाही; न्यायालये प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतात. कोणाची रजा मंजूर करणे, कोणाला नेमणे वा काढणे असे अधिकार तुमच्याकडे नसतील आणि दिवसभर तुम्ही अहवाल तयार करणे, हिशेब जुळवणे अशीच कामे करीत असाल, तर केवळ ‘व्यवस्थापक’ या शब्दाने संरक्षण जात नाही. खरोखर व्यवस्थापकीय काम असेल, तर मात्र दिवाणी न्यायालय उरते, आणि खासगी नोकरीच्या बाबतीत तेथे बहुधा नुकसानभरपाई मिळते, नोकरी नव्हे.

विधिजिज्ञासू

पुराव्याबद्दल थोडे लिहितो, कारण सूड घेतल्याची कबुली कोणीही पत्रात देत नाही; तो घटनाक्रमातून दाखवावा लागतो. तक्रारीची पोच, त्याआधीच्या कामगिरीचे अहवाल आणि तक्रारीनंतर अचानक बदललेला सूर दाखवणारे संदेश तारखेनुसार लावून ठेवा. ईमेल खाते बंद असल्यामुळे, त्यातील पत्रव्यवहार आणि सीसीटीव्हीचे चित्रण जतन करावे, अशी लेखी मागणी कंपनीकडे नोंदणीकृत टपालाने आजच पाठवा. नंतर ते नष्ट झाले, तर ही मागणी तुमच्या बाजूने बोलेल.

न्यायालये असा घटनाक्रम गांभीर्याने घेतात. पंजाब अँड सिंध बँकेच्या प्रकरणात गैरव्यवहार उघड करणाऱ्या आणि लैंगिक छळाची तक्रार करणाऱ्या महिला अधिकाऱ्याची इंदूरहून बदली झाली होती. उच्च न्यायालयाने रद्द केलेली ती बदली सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2020 मध्ये सूडाचीच ठरवली, आणि बँकेला 50,000 रुपये खर्चही द्यायला लावला. ते प्रकरण बदलीचे होते आणि बँक सरकारी होती, त्यामुळे ते तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाही, पण तुमच्या वकिलांनी ते अवश्य वाचावे.

कंपनीने आता पैसे देऊन समेटाचा प्रस्ताव ठेवल्यास कलम 10 दाखवा. तक्रारदार महिलेने विनंती केली तरच चौकशीपूर्वी समेटाचा प्रयत्न करता येतो, आणि पैशाची देवाणघेवाण हा त्याचा आधार असू शकत नाही.