विषय: काकांचं मत वाया गेलं का? (नोव्हेंबर २०१६)

काका,
दिवाळीच्या पंगतीत जिलबी वाढता वाढता तुम्ही जाहीर केलंत की अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी मत लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सनला. खरंच दिलंत? त्याला देशभरात जेमतेम ३.३ टक्के. आपल्याकडे डिपॉझिट जप्त झालं असतं!
– रिओ रँचोचा धाकटा

अरे बाबा, दिलं. काळ्या पेनानं लंबगोल नीट भरला, रेघेबाहेर न जाता.
देशाचं सोड. आपल्या न्यू मेक्सिकोत त्याला ९ टक्क्यांच्या वर मतं आहेत. १९९५ ते २००३ हा इथला रिपब्लिकन गव्हर्नर. विधिमंडळ डेमोक्रॅटांचं, आणि यानं ७००हून जास्त विधेयकं व्हेटोनं परत पाठवली. शाळांच्या व्हाउचरचा (खासगी शाळेच्या फीला सरकारी पैसा) हट्ट मात्र तडीस गेला नाही. गांजा कायदेशीर करा, असं १९९९मध्ये खुर्चीत बसून म्हणाला, तेव्हा आम्हीही हसलो होतो. खुर्ची सुटली त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आला. आपले माजी मुख्यमंत्री फार तर साखर कारखान्यापर्यंत जातात.
सीरियातल्या युद्धात होरपळलेल्या अलेप्पो शहराबद्दल त्याला टीव्हीवर विचारलं, त्यावर मी काय बोलू? ‘अलेप्पो म्हणजे काय?’ हे त्याच्या तोंडून ऐकलं आणि तुझी काकू म्हणाली, ‘झालं.’ उमेदवारांच्या टीव्हीवरच्या डिबेटला जनमत चाचण्यांमध्ये १५ टक्के लागत होते. ते आधीही जमत नव्हते, मग तर विषयच संपला.
– काका

निवडणूक उरकली म्हणून मंडळाच्या ईमेल यादीवर हा धागा चालू देतोय. मंडळ करमुक्त आहे, प्रचार इथे चालत नाही, एवढं लक्षात असू द्या.
– सचिव

भाऊजी, बोस्टनला आलो तरी यादीतून नाव काढलं नाही, म्हणून बोलते. तुमच्या जॉन्सनचा जोडीदार, म्हणजे उपाध्यक्षपदाचा उमेदवार, आमचा बिल वेल्ड, १९९१ ते ९७ इथला, मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर. मतदानाला आठवडा उरला असताना टीव्हीवर बसून डेमोक्रॅटांच्या उमेदवार क्लिंटनबाईंची ग्वाही देत होता! वरमाईनंच मांडवात दुसरं स्थळ सुचवावं तसं. मग मत कुणाला दिलंत तुम्ही?
– बोस्टनच्या वहिनी

वहिनी, त्याचा मलाही राग आला. पण मी जॉन्सन जिंकेल म्हणून मत दिलंच नव्हतं. देशभरात ५ टक्के झाले असते तर २०२०ला पक्षाला सरकारी निधी मिळाला असता. माझा हिशोब तेवढाच होता, तोही चुकला.
आता मतं खाल्ली म्हणाल, तर क्लिंटनबाई इथे ८ टक्क्यांनी जिंकल्या आणि याची मतं त्याहून जास्त. पण खाल्ली कुणाची? मी २०१२ला रिपब्लिकन रॉम्नीवाला, शेजारी यंदा क्लिंटनबाईंकडून उमेदवारी हरलेल्या सँडर्सवाला, आणि दोघांच्या अंगणात पाटी एकच, जॉन्सनची. शेजाऱ्याची पाटी वाऱ्यानं माझ्या खडीत येऊन पडली आहे. आज नेऊन देतो.
– काका