२१ एमबी रॅम मोकळी, तरी वायफाय ड्रायव्हर म्हणतो मेमरी नाही

अर्धीझोप:

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून इथे लिहितेय.

बोर्ड एआरएमचा, एकच कोअर, रॅम ६४ एमबी, लिनक्स कर्नल ४.१४. वायफाय कार्ड मिनी पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेत बसतं. त्याचा ड्रायव्हर कर्नलमधला नाही, कार्डासोबत झिप फाइलमध्ये आलेला आहे. कंपनीचं नाव विचारू नका.

हा बॅटरीवर चालणारा डेटा लॉगर आहे, त्यामुळे वायफाय सतत चालू ठेवणं परवडत नाही. दर सहा तासांनी क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) जागा होतो, वायफाय ड्रायव्हरचं मॉड्यूल चढवतो, साठलेल्या नोंदी पाठवतो, मॉड्यूल उतरवतो आणि परत झोपतो. बूट केल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळं सुरळीत चालतं. मग कुठल्यातरी फेरीला इंटरफेस वर येतच नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "पेज अलोकेशन फेल्युअर, ऑर्डर ५", खाली लांबलचक स्टॅक (कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याची यादी), आणि शेवटी ड्रायव्हरची ओळ: "फर्मवेअर डाउनलोड फेल्ड, उणे १२".

उणे १२ म्हणजे ईनोमेम, मेमरी नाही, एवढं मला कळतं. पण त्याच क्षणी फ्री कमांड २१ एमबी मोकळी दाखवते, ते कसं काय? मोकळी आहे तर देत का नाही?

आतापर्यंत केलेले उद्योग: माझ्या प्रोग्रॅममध्ये लीक आहे का पाहिलं. नाही, तो दिवसेंदिवस ३ एमबीवरच असतो. स्लॅब (कर्नलच्या स्वतःच्या लहान ऑब्जेक्टांची मेमरी) मोजला, तोही वाढत नाही. कार्ड काढून परत बसवलं. पॉवर सप्लाय बदलला (हसू नका, तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते). सहकारी म्हणतो रोज रात्री रीबूट टाक आणि मोकळी हो. टाकेन, पण कारण न कळता टाकायचं जिवावर येतं.

बूटलूप:

ड्रॉप कॅशेसमध्ये (कर्नलची कॅशे रिकामी करायची फाइल) ३ लिहा, मग मॉड्यूल चढवा. माझ्या राउटरवर दोन वर्षं हेच करतोय. का चालतं ते माहीत नाही, चालतं.

सोल्डरकण:

बूटच्या लॉगमध्ये "बार ०, नो स्पेस" अशी ओळ दिसते का ते आधी बघा (बार म्हणजे कार्डापर्यंत पोचायला प्रोसेसरला मिळालेली पत्त्यांची खिडकी). मी यातच महिनाभर अडकलो होतो. कार्डाला २ एमबीची खिडकी हवी होती आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) पीसीआयच्या रेंजेस लिहिताना कुणीतरी १ एमबीच ठेवली होती. तिथेही लॉग "मेमरी देता आली नाही" असंच म्हणतो, पण रॅमचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. तो पत्त्यांचा प्रश्न असतो.

अर्धीझोप:

@सोल्डरकण, बार नीट मिळालाय. आणि तसं असतं तर पहिल्याच बूटला रडलं असतं ना? माझं चार दिवसांनी रडतं.

@बूटलूप, करून पाहिलं. मोकळी मेमरी २१ वरून २९ एमबी झाली. कार्ड ढिम्म.

जुना_कर्नल:

फ्री कमांड खोटं बोलत नाही, पण तुम्हाला हवं ते सांगतही नाही. बिघडलेल्या अवस्थेत, रीबूट न करता, प्रॉकमधली बडीइन्फो फाइल (मोकळ्या मेमरीचे किती मोठे तुकडे किती आहेत ते सांगणारी) वाचा आणि आकडे जसेच्या तसे इथे टाका. प्रॉकमध्येच व्हीएमच्या फोल्डरात कॉम्पॅक्ट मेमरी नावाची फाइल आहे का तेही सांगा.

अर्धीझोप:

पुढच्या बिघाडाची वाट पाहायला तीन दिवस गेले. ड्रॉप कॅशेसच्या आधीचे आकडे, डावीकडून उजवीकडे:

२१४० ९६२ २३१ ३८ २ ० ० ० ० ० ०

कॉम्पॅक्ट मेमरी नावाची फाइल नाहीच. ड्रॉप कॅशेसनंतर पहिले चार आकडे फुगले, पण सहाव्या रकान्यापासून पुढे शून्यच.

जुना_कर्नल:

हे बघा, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. पहिला रकाना ऑर्डर ०, म्हणजे ४ केबीची सुटी पानं. दुसरा ऑर्डर १, ८ केबीचे सलग तुकडे. दर रकान्याला दुप्पट. बेरीज करा: ८५६० अधिक ७६९६ अधिक ३६९६ अधिक १२१६ अधिक १२८, झाले २१,२९६ केबी. तुमचे २१ एमबी हेच. आता ऑर्डर ५ म्हणजे सलग ३२ पानं, १२८ केबी. त्या रकान्यात शून्य, आणि त्याच्यापुढे मोठा तुकडा असता तर तो फोडून देता आला असता, तिथेही शून्य. वहीत पाच हजारांवर पानं कोरी आहेत, पण सलग बत्तीस कोरी कुठेच नाहीत.

बूटनंतर वही नवी असते म्हणून चार दिवस चालतं. तुमचा लॉगर फाइली लिहितो, कर्नल स्वतःची बारीकसारीक ऑब्जेक्टं मधेमधे टाकतो, आणि दर सहा तासांनी तुम्ही ड्रायव्हरची जागा सोडून देता. ती तशीच सलग परत मिळेल याची हमी कुणीही देत नाही. कॅशे रिकामी केली तरी एखाद्या स्लॅबच्या पानावर एक जिवंत ऑब्जेक्ट राहिलं की ते पान हलत नाही आणि शेजारची मोकळी पानं जोडली जात नाहीत. हलवता येणारी पानं गोळा करून जागा सलग करायचं काम कॉम्पॅक्शनचं. ती फाइल नाही म्हणजे तुमच्या कर्नलमध्ये ते बांधलेलंच नाही. कुणीतरी इमेज लहान करायला काढलं असणार.

आणखी एक. ऑर्डर ३ पर्यंतच्या साध्या मागण्यांसाठी कर्नल जिवाचं रान करतो, वेळ आली तर एखादी प्रोसेस मारतो. ३ च्या वरच्या मागणीला तो महाग समजतो आणि लवकर हात वर करतो. म्हणून तुमच्याकडे ओओएम किलर (मेमरीसाठी प्रोसेस मारणारा) न येता नुसतं उणे १२ येतं.

आता खरा प्रश्न: एका वायफाय ड्रायव्हरला एकदम १२८ केबी सलग लागतातच कशाला? स्टॅकमध्ये केमॅलॉकला (कर्नलमध्ये सलग जागा मागायचं फंक्शन) बोलावणारं फंक्शन कोणतं? सोर्स आहे ना हाताशी?

सोल्डरकण:

मधेच एक. मिन फ्री केबाइट्स (कर्नल राखून ठेवतो ती मोकळी मेमरी) किती आहे? ६४ एमबीला आपोआप १ एमबीच्या आसपासच ठरतं. ४०९६ करून बघा.

जुना_कर्नल:

@सोल्डरकण, ते वाहत्या ट्रॅफिकमध्ये जीएफपी अ‍ॅटॉमिकच्या मागण्या पडत असतील तर उपयोगी. तिथे जागा मिळेपर्यंत झोपता येत नाही, त्यामुळे राखीव साठा लागतो. तो वेगळा आजार. इथे सुरुवातीलाच पडतंय.

अर्धीझोप:

सापडलं! फर्मवेअर लोड करणारं फंक्शन. फाइल ९६ केबीची. कर्नलने ती आणून दिल्यावर ड्रायव्हर तिची आणखी एक प्रत करतो, केमॅलॉकने. ९६ केबी म्हणजे २४ पानं, वर ओढून ३२. ही प्रत का, तर तिच्यातले चार बाइट बदलायचे असतात. चार! मग बारच्या खिडकीतून प्रोसेसरच ती कार्डात लिहितो आणि प्रत फेकून देतो.

जुना_कर्नल:

म्हणजे डीएमए (कार्डाने स्वतः रॅममधून ओढणं) नाही. सुटलात. प्रोसेसरच लिहिणार असेल तर पानं सलग असायची गरजच नाही, त्याला दिसणारे आभासी पत्ते सलग असले की पुरे. केमॅलॉकच्या जागी केव्हीमॅलॉक. ४.१२ पासून आहे, तुमच्याकडे असणार. कार्ड स्वतः रॅममधून ओढत असतं तर असं करता आलं नसतं, मग सीएमएची, म्हणजे सलग मेमरीसाठीची, राखीव जागा ठेवा किंवा बफर बूटलाच घेऊन कधीच सोडू नका, असले उपाय. काही फोनांचे वायफाय ड्रायव्हर तसंच करतात.

अर्धीझोप:

केलं, एका शब्दाचा बदल. धन्यवाद!! पाच दिवस मस्त चाललं.

आणि सहाव्या दिवशी आख्खा बोर्ड पडला. कर्नल ऊप्स (कर्नलमध्येच चूक होऊन पडणं), त्याच फंक्शनमध्ये. आधी निदान वायफायच मरत होतं.

जुना_कर्नल:

केफ्री (केमॅलॉकची जागा सोडणारं) तसंच ठेवलंत?

अर्धीझोप:

...हो.

जुना_कर्नल:

केव्हीफ्री करा. केव्हीमॅलॉक आधी साध्या केमॅलॉकने मिळतं का बघतो, न मिळाल्यास गुपचूप व्हीमॅलॉककडे (सुटी पानं आभासी पत्त्यांनी जोडून देणारं) वळतो. पहिले पाच दिवस सलग जागा मिळत होती, म्हणून केफ्री चालून गेलं. सहाव्या दिवशी व्हीमॅलॉकची जागा आली आणि केफ्रीला ती झेपली नाही. चूक माझीही, मी सांगायला हवं होतं.

पुन्हा सहा दिवस थांबू नका. तपासण्यापुरतं थेट व्हीमॅलॉक लिहा. म्हणजे पहिल्याच फेरीला कळेल. नीट चाललं की परत केव्हीमॅलॉक.

बूटलूप:

यासाठी दोन वर्षं ड्रॉप कॅशेस करतोय मी?

जुना_कर्नल:

तुमच्या राउटरचे बडीइन्फो टाका, मग सांगतो.

अर्धीझोप:

व्हीमॅलॉकने चाळीस वेळा मॉड्यूल चढवलं-उतरवलं, काही पडलं नाही. मग केव्हीमॅलॉक आणि केव्हीफ्री. एरर झाल्यावर बाहेर पडायच्या वाटेवर आणखी एक केफ्री लपलेलं होतं, तेही बदललं. ते माझ्याकडे कधीच चाललं नसतं, कुणाच्यातरी गळ्यात पडलं असतं. नव्या इमेजमध्ये कॉम्पॅक्शनही चालू केलंय, पण या बोर्डावर मुद्दाम जुनीच ठेवली, नाहीतर नक्की कशाने बरं झालं ते कळलं नसतं.

कार्डवाल्यांना पॅच पाठवला. उत्तर आलं, "कृपया नवीन आवृत्ती वापरा." उतरवून पाहिली. नवीन आवृत्तीत तीच ओळ, फक्त फर्मवेअर मोठं झालंय.

आज सतरावा दिवस, अडुसष्ट फेऱ्या. बडीइन्फोच्या सहाव्या रकान्यात अजूनही शून्य आहे आणि कार्ड चढतंय.