वेल्डिंगच्या शेडचं घर करायचं, तर पत्रा ठेवावा की उतरवावा?

फाट्यावरचा (धागाकर्ता)

विदर्भातल्या कुठल्याही फाट्यावर बंद पडलेली एक-दोन शेडं दिसतातच. ट्रॅक्टरचं गॅरेज, वेल्डिंगचं दुकान, नाहीतर कापसाचं गोदाम. साचा ठरलेला: २० बाय ३० फूट, पाइपाचे खांब, १२ फुटांवर वळचण, वर आणि बाजूंना पत्रा, समोर १० फुटी शटर, खाली तेल प्यालेलं काँक्रीट. याचं घर करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, 'भंगारात द्या आणि नवीन बांधा.' मला तो पटत नाही. अशा शेडमध्ये दीड टनाच्या आसपास लोखंड असतं. भंगारवाला त्याचं वजन मोजतो. त्यातली कापाई, वेल्डिंग, उभारणी मोजत नाही. उभं आहे तोवरच त्याला किंमत.

पैसे मात्र योग्य क्रमाने लागले पाहिजेत: आधी छत, मग पश्चिमेची भिंत, मग जमीन, आणि टाइल-रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण टाइलपासून सुरू करतात आणि मे महिन्यात भावाकडे झोपायला जातात.

छताचं गणित असं. बाहेर ४५ अंश असताना पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापतो आणि ती धग किरणांनी थेट अंगावर उतरते. पंखा त्यापुढे फक्त गरम हवा फिरवतो. म्हणून वरून पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात. आढ्याला हवा निघायला सलग फट, तिच्यावर टोपी. वळचणीला अर्ध्या इंचाची जाळी, म्हणजे खालून हवा आत येते आणि वरून निघते. मग साडेनऊ फुटांवर सिलिंग: ६ मिमी सिमेंट बोर्ड आणि त्यावर ५० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर). जिप्सम नको, एकदा गळलं की फुगतो. पीव्हीसीच्या पट्ट्या वरच्या धगीने लोंबतात. थर्मोकोल पेटतो, शिवाय उंदरांचा आवडता.

सिलिंगने कूलरही लहान लागतो. १२ बाय १४ ची खोली साडेनऊ फुटांवर झाकली तर १६०० घनफूट हवा होते, म्हणजे दर दोन मिनिटांनी हवा बदलायच्या हिशेबाने निम्मा, ८०० सीएफएमचा (मिनिटाला ८०० घनफूट हवा फेकणारा) कूलर पुरतो. वर आढ्यापर्यंत मोकळं ठेवलं तर दीडपट मोठा घ्या, आणि मोठा कूलर तासाला दहा लिटरच्या घरात पाणी पितो. मे महिन्यात ते पाणी कुठून आणणार?

भिंतीला बाहेरचा पत्रा तसाच राहू द्यावा, आतून १०० मिमी एएसी ब्लॉक (सिमेंटचा सच्छिद्र, हलका ठोकळा), मध्ये ३ इंच पोकळी. पत्रा ऊन झेलतो, पोकळीतली हवा तापून वर जाते. १०० फूट घेर, ९ फूट उंची, दारं-खिडक्या वजा जाता ७८० चौरस फूट. ६०० बाय २०० चे ५८५ ब्लॉक, मोडतोड धरून ६१५.

भाव मुद्दाम लिहिले नाहीत. वर्ध्याचा भाव सिरोंच्यात चालत नाही.

पक्की_वीट

सगळं वाचलं. रंग, फट, जाळी, सिलिंग, रॉकवूल, आतून भिंत. एवढं करून उरलं काय? एक वाईट छत, ज्याला चार औषधं चालू आहेत. एवढ्याच मेहनतीत राखेच्या विटांच्या भिंती आणि स्लॅब होतो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांमुळे आपल्याकडे राखेची वीट सहज मिळते. वर उद्या मजलाही चढवता येईल. शेडवर काय चढवणार?

आणि ती ३ इंचांची पोकळी: विंचू, गांधीलमाशा, पाली. खालून हवेसाठी उघडी ठेवणार म्हणजे त्यांच्यासाठीही उघडी. आतून साफ करायला जागा नाही.

उलटी_कढई

@पक्की_वीट, स्लॅबच्या घरात मे महिन्यात रात्री ११ वाजता भिंतीला हात लावून बघा. ४-५ इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन साठवतं आणि रात्री घरात सोडतं. म्हणून तर गच्चीवर पाणी मारून वर झोपायची पद्धत. पत्रा दुपारी मारतो हे खरं, पण दिवस मावळल्यावर अर्ध्या तासात निवतो. सिलिंगवर हवेला वाट असेल तर पत्र्याचं घर रात्री स्लॅबच्या घरापेक्षा लवकर झोपण्याजोगं होतं.

पण धागाकर्त्याने एक गोष्ट सोडली. पांढऱ्या रंगाच्या जागी लोक चुना मारतात. साध्या जस्ताच्या पत्र्यावर एक उन्हाळा निघतो, पहिल्या पावसात चुना नालीत जातो. गॅल्व्हल्यूमच्या पत्र्यावर मात्र चुना मारूच नये. त्यात ॲल्युमिनियम असतं आणि चुन्याचा क्षार ते खातो. तिथे ॲक्रिलिकचा परावर्तक रंगच लागेल. तोही दर मार्चमध्ये धुवावा लागतो. फाट्यावरची धूळ, सोयाबीन काढणीचा भुसा बसला की पांढरा पत्रा मातकट होतो आणि फायदा निम्म्यावर येतो.

लेव्हल_नळी

भाऊ, सिलिंगचं मंग पाहू. पयले पायाखाली पाहा. काळ्या मातीत शेडचे खांब खोल असतात, पण मधातलं काँक्रीट नुसतं मातीवर पडलेलं असते. पान्यात माती फुगते, फरशी वर येते. उन्हाळ्यात भेगा पडतात, फरशी बसते. त्यावर तुम्ही ६१५ ब्लॉकाची भिंत ठेवता? पयल्याच वर्षी खांबाच्या अन् भिंतीच्या सांध्यात उभी भेग पडन. ब्लॉक हलका हाय हे खरं, ९ फूट उंच भिंतीचा एक फूट तुकडा प्लास्टर धरून शंभर किलोच्या जवळपास. चार इंची विटेचा त्याच्या दुप्पट. पण शंभर किलोही हलत्या फरशीवर नाही चालत.

काय कराव ते सांगतो. शेडीच्या बाहेर एक खड्डा खोदा, पाच फूट. मुरूम लागला तं नशीब. भिंतीखालची चर मुरमापर्यंत न्या, दगड-सिमेंटनं वर आना. पाच फुटातही काळीच असन तं अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेला, बुडाशी फुगीर काँक्रीटचा खांब. रुडकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय इमारत संशोधन संस्था) काढलेली पद्धत हाय, काळ्या मातीसाठीच. साडेतीन मीटर खोल, १० इंच व्यास, खाली अडीच पट रुंद बल्ब. बल्ब खालच्या न हलणाऱ्या मातीत बसते. वर जोत्याची तुळई, अन् तुळईखाली ३ इंच पोकळी, म्हणजे माती फुगली तरी तुळईले ढुशी नाही मारत.

अन् जोतं उचला. शेड रस्त्याच्या पातळीवर असते, ट्रॅक्टर आत याले पाह्यजे म्हणून. घराले दीड फूट तरी उंच जोतं लागते, नाही तं पान्याबरोबर घोणसही घरात.

पक्की_वीट

बघा. आता पाइल, तुळई आणि जोतंही आलं. मग शेड ठेवून वाचलं काय? माझा प्रश्न तोच आहे.

फाट्यावरचा

@लेव्हल_नळी, जोत्याचा मुद्दा मान्य, मी लिहायला हवा होता. ६०० चौरस फुटांत दीड फूट भराव म्हणजे ९०० घनफूट, ९ ब्रास. ठोकल्यावर बसतो म्हणून ११ ब्रास मागवावा. सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुमसाने ठोकायचे. भरावाआधी तेलाचा थर असलेलं काँक्रीट फोडून काढा, कारण तेलकट पृष्ठावर काहीच चिकटत नाही. भरावावर २५० मायक्रॉन प्लॅस्टिक, त्यावर ३ इंच काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). त्याला ६०० चौरस फुटांना २७ पोती सिमेंट लागेल. बॅटरीचं काम चालायचं त्या कोपऱ्यातली माती मात्र उचलून बाहेर टाका. शिशाची माती आहे ती, परसबागेत पसरू नका.

पण पाइल सगळ्यांनाच लागते असं नाही. यवतमाळ-वर्ध्याच्या माळावर कित्येक ठिकाणी दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो.

कैची

सिलिंगवाल्यांनी कैचीचा, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या लोखंडी तिकोनी सांगाड्याचा, विचार केलाय का? गावातला फॅब्रिकेटर कैची बनवतो ती फक्त पत्र्यासाठी. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साडेचार-पाच किलो. तुमचं सिलिंग, बोर्ड-लोखंड-रॉकवूल मिळून, चौदा-पंधरा किलो. म्हणजे पत्र्याच्या तिप्पट वजन खालून टांगणार. ६०० चौरस फुटांना ८०० किलो! मे-जूनच्या वावधनात छत वर खेचलं जातं आणि खाली येतं, तेव्हा टांगलेलं सिलिंगही हलतं आणि बोर्डाचे सांधे उलतात.

सिलिंग कैचीला टांगू नका. भिंतीवर टाका. ८० बाय ४० ची २ मिमी जाडीची चौकोनी नळी, उभी ठेवून, ४ फूट अंतराने. १२ फूट गाळ्यापर्यंत ती नीट पेलते. तिच्याखाली भिंतीवर काँक्रीटची पट्टी हवी, नुसत्या ब्लॉकवर नळी टेकवली तर ब्लॉक चुरतो. भिंत ४ इंची आहे, म्हणून दर दोन फूट उंचीला ८ मिमीची सळई खांबाला वेल्ड करून सांध्यात घ्या.

गळतीबद्दल कोणीच बोललं नाही. जुना पत्रा गळतो तो बहुतेक वेळा स्क्रूच्या वॉशरमधून. रबर उन्हाने कडक होऊन तडकतं. त्यावर डांबर लावणं म्हणजे पुढच्या वर्षीचं काम. सगळे स्क्रू काढा, एका मापाने जाड स्क्रू ईपीडीएम (ऊन सोसणारं रबर) वॉशरसह त्याच भोकात घ्या. सिलिंग झाल्यावर गळती दिसत नाही, रॉकवूल भिजत राहतं. म्हणून हे आधी. आणि पत्रा सिमेंटचा असेल तर त्याला ड्रिल मारू नका, फोडू नका. जुन्यात ॲस्बेस्टॉस असतं.

बांबूवाला

एवढं लोखंड-रॉकवूल कशाला? बुरडाकडून तट्टे घ्या, बांबूच्या आडव्यांवर टाका, वरून गवत मिसळलेल्या मातीचा इंचभर लेप. आतल्या भिंतीला पराटीचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) कूड. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची आहे आणि उन्हाळ्यात आत जाऊन आलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. लागणारा सगळा माल पाच-दहा कोसांत मिळतो.

वायरमन_भाऊ

बापू कुटीवर पत्रा नाही आणि तिच्यात जुनी थ्री-फेज वायरिंग नाही. वेल्डिंग शेडमध्ये तट्टे-पराटी लावायची तर आधी सगळी वायर उपटा. त्या शेडमध्ये वायर लोखंडी खांबाला बांधलेली असते आणि वर्षानुवर्षं ठिणग्यांनी भाजलेली असते. एका जागी वेष्टण गेलं की पावसात अख्खं घर फेजवर. पत्र्याचं घर आहे, दाराची कडीसुद्धा लोखंडाची.

कमीत कमी एवढं करा. मीटरनंतर लगेच ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच). सांगाडा दोन कोपऱ्यांतून अर्थिंगला जोडा, अडीच मीटरची जीआय पाइप, कोळसा-मीठ घालून. उन्हाळ्यात पाणी घालत राहा, कारण काळी माती भेगाळली की पाइपला सोडते. वायर सगळी पीव्हीसी पाइपमधून. वेल्डिंगचा परतीचा करंट सांगाड्यातून घेतलेला असतो, त्याच्या जोडणीचा जुना बोल्ट गंजलेला असतो; त्यालाच अर्थिंग समजू नका. औद्योगिक जोडणीवर घर चालवू नका. महावितरणकडे घरगुतीसाठी अर्ज करा आणि ग्रामपंचायतीत नमुना ८ वर वापर बदलून घ्या.

लेव्हल_नळी

तट्ट्यात उंदीर, उंदरामागं साप. वायरमन भाऊचं बरोबर हाय.

छपरी

तुम्ही सगळे ६०० चौरस फूट भरायच्या मागे लागलात. घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटर धरतात, म्हणजे २६९ चौरस फूट. बजेटचं घर म्हणून ते माप लक्षात ठेवा.

शेडच्या पोटात २० बाय १५ ची पेटी बांधा. तिच्या स्वतःच्या भिंती, स्वतःचं सिलिंग. उरलेलं अर्धं शेड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला छपरी म्हणून मोकळं ठेवा. वरचा पत्रा मग छत राहत नाही, मांडव होतो. दुपारचं ऊन भिंतीला लागतच नाही. सिलिंग आणि पत्रा यांच्यात दोन-अडीच फूट उघडी हवा, त्यामुळे आढ्याची फट सोडायचा खटाटोपही कमी. भिंतीचा घेर १०० ऐवजी ७० फूट, ब्लॉक सव्वाचारशे. @पक्की_वीट यांच्या विंचवाच्या पोकळीचाही प्रश्न तीन बाजूंचा बाहेरचा पत्रा खालून दोन फूट कापला की सुटतो: झाडू जातो. @कैची यांचं ८०० किलोचं सिलिंग निम्मं होतं, आणि मध्ये एक भिंत घेतली की नळीचा गाळा १० फुटांचा.

कूलर छपरीच्या बाजूला लावा, सावलीत. समोरच्या भिंतीला हवा जायला हजार सीएफएममागे दीड-दोन चौरस फूट उघडं ठेवा. बंद खोलीत कूलर म्हणजे दमट कोंडवाडा.

पक्की_वीट

हे पटतंय, पण मग हे शेडचं घर नाही, शेडखालचं घर आहे. आणि वर मजला अजूनही होत नाही. असो. पाण्याचं सांगा. ५६ चौरस मीटर छत, हजार मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला ५६ हजार लिटर पाणी तुमच्या पाइलच्या डोक्यावर पडणार. पन्हळ कुठे आहे?

छपरी

पन्हळ दोन्ही वळचणींना, पाणी पाइपने दहा फूट लांब. भोवती ३ फूट रुंद फरशी, बाहेर उतार, म्हणजे भिंतीजवळची माती वर्षभर एकाच ओलाव्यात राहील. कडुनिंब, पिंपळ भिंतीजवळ नको, मुळं ओल ओढतात. शोषखड्ड्याचंही तेच: काळी माती पावसात पाणी पीत नाही, खड्डा उलटा भरतो, तो घरापासून लांब, केळीच्या आळ्याकडे.

भराव आता ३०० चौरस फुटांचाच, साडेचार ब्रास. ठोकणीसाठी सहा मागवा.

लेव्हल_नळी

सहा ब्रास सांगाल तं सहा ट्रॉल्या येतीन. ट्रॉलीवाला दर ट्रॉलीले एक ब्रासच म्हणते. आतून लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुना करा. १०० भरलं तं ब्रास. ८० भरलं तं साडेसात ट्रॉल्या लागतीन, अन् पैसे ब्रासचे द्या, ट्रॉलीचे नाही.