विषय: ह्यूस्टनला जायला पात्रता कशाला? (पत्रावर सह्या हव्यात)

नमस्कार मंडळी,
पाडव्याच्या कार्यक्रमाचा हिशोब वेगळा पाठवते, हे मेल रोबोटिक्सबद्दल आहे. आमच्या लेकीची टीम यंदा एफआरसी या शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेत स्टेटपर्यंत, म्हणजे मिशिगनच्या फायनलपर्यंत गेली आणि ह्यूस्टनची जागतिक फायनल अगदी थोडक्यात हुकली. जानेवारीपासून पोरं रोज रात्री साडेनऊपर्यंत शाळेच्या वर्कशॉपमध्ये, जेवण डब्यातलं, आणि शेवटी काय तर पॉइंट कमी पडले. नव्वदच्या दशकात फ्लोरिडात एपकॉटला फायनल व्हायची तेव्हा जी टीम फी भरून येईल ती खेळायची म्हणे, मग आता का नाही? पुन्हा सगळ्यांना खुली एंट्री द्या असं पत्र मी लिहिलंय, मिशिगनमधल्या सगळ्या पालकांनी सही करावी ही विनंती.
– नोव्हीची ताई

ताई,
लेकीचं आणि तिच्या टीमचं मनापासून कौतुक, स्टेटला पोचणं सोपं नाही. पण मी सही करणार नाही, का ते सांगतो.

१९९२ला पहिली स्पर्धा न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला एका शाळेच्या जिममध्ये झाली तेव्हा सगळ्या मिळून २८ टीम होत्या. आज एफआरसीच्या टीम तीन हजारांच्या वर आहेत आणि ह्यूस्टनला मावतात साधारण सहाशे. म्हणजे खुली एंट्री दिली तरी कुणीतरी बाहेर राहणारच, फक्त कोण ते पैसा ठरवणार. नुसती फीच हजारो डॉलर, वर वीस-पंचवीस पोरांची विमानाची तिकिटं, हॉटेल, रोबोट पाठवायचा खर्च. ज्यांच्यामागे मोठी कंपनी आहे ते एका आठवड्यात भरतील, बाकीचे कार वॉश आणि बेक सेल करत बसतील. तुम्हाला ज्यांच्यासाठी दार उघडायचंय ते बाहेरच राहतील ना ताई.

आणि आपल्याकडे दार खाली उघडं आहेच. २००९ला डिस्ट्रिक्ट पद्धत (आधी जवळच्या इव्हेंटमध्ये पॉइंट मिळवायचे, मग स्टेट, मग ह्यूस्टन) पहिल्यांदा मिशिगनमध्येच आली, एकाच फीमध्ये दोन इव्हेंट, प्रत्येकी १२ क्वालिफिकेशन मॅच, तेही गाडीने जाता येईल अशा ठिकाणी. ह्यूस्टनला मिळतात १०, त्याही साधारण अडीच-अडीच मिनिटांच्या. शिकायचं असेल तर ते इथे, स्वस्तात.

मी गेली काही वर्षं मेंटॉर आहे. एका इव्हेंटला आमच्या शेजारच्या पिटमध्ये (रोबोट दुरुस्त करायच्या जागेत) दुसऱ्याच वर्षाची टीम होती, बॅटऱ्या मोजून तीन, चार्जर एक, पुढच्या मॅचला आम्ही आमची बॅटरी दिली. शनिवारी दुपारी अलायन्स सिलेक्शन, म्हणजे बाद फेरीसाठी तीन-तीन टीमचे गट निवडणं झालं, आठ कॅप्टननी माइकवर नंबर पुकारले, चाळीसमधल्या २४ टीम आत गेल्या, यांचा नंबर आलाच नाही. त्यांची एक मुलगी स्काउटिंगचा (बाकीच्या टीमच्या खेळाच्या नोंदींचा) कागद हातात धरून शेवटचा नंबर पुकारेपर्यंत उभी होती, मला अजून दिसते ती. रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या टीमला दहा पॉइंट बोनस असतो, दुसऱ्या वर्षी पाच आणि नंतर काहीच नाही, नेमका तेव्हाच पहिला उत्साही मेंटॉर नोकरी बदलून निघून जातो. त्यांना ह्यूस्टनचं तिकीट काय करायचंय? त्यांना ऑक्टोबरमध्ये वायरिंग शिकवणारा माणूस हवा.

शिवाय नुसता रोबोटच बघतात असं नाही. इम्पॅक्ट अवॉर्ड, पूर्वीचा चेअरमन्स, तो समाजात केलेल्या कामावर मिळतो आणि स्टेटला तो मिळवलेल्या टीम पॉइंट न बघता ह्यूस्टनला जातात. तो रस्ता तुमच्या लेकीच्या टीमला आहे.
– कॅन्टनचा मेंटॉर

दादा, पैशाचा मुद्दा पटला, ते खरंच डोक्यात आलं नव्हतं. पत्र थांबवते. पण एक सांगा, आमची एक मॅच बॅटरीचा कनेक्टर सैल झाला म्हणून गेली, दुसऱ्या मॅचला पार्टनरचा, म्हणजे आमच्या बाजूने खेळणाऱ्या टीमचा रोबोट फील्डवर उभाच राहिला, पार्टनर तर आपण निवडत नाही, शेड्यूलमध्ये येतील ते. मग ह्यूस्टनची जागा पॉइंटवर कमावली असं कसं म्हणायचं? आणि माझी लेक बारावीला आहे, तिला पुढचं वर्ष नाही.
– ताई

ताई, म्हणूनच १२ मॅच असतात, नशीब थोडं तरी समान व्हावं म्हणून, पूर्ण होत नाही हे मान्य. कनेक्टर मात्र आपल्या हातात आहे, प्रत्येक मॅचआधी ओढून बघायचा, आमच्याकडे ते एकाच मुलाचं काम असतं. बारावीच्या पोरांबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, दरवर्षी त्यांना स्टँडमध्ये रडताना बघतो आणि काय बोलावं ते सुचत नाही.

लेकीला विचारा, उन्हाळ्यात कॉलेजला जायच्या आधी चार शनिवार देईल का? वर सांगितलेल्या टीमला वायरिंग दाखवायला कुणीतरी हवंय. आणि मंडळी, कुणाच्या बेसमेंटमध्ये बऱ्या अवस्थेतला बॅटरी चार्जर पडून असेल तर मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन.