मदत हवी आहे: मिक्सरमध्ये कॉफी एकसारखी दळली जात नाही, रोज चव वेगळी

सांगली, विश्रामबाग. दिवाळीत भावाने व्ही६० चा शंकू (वरून गरम पाणी ओतून कॉफी गाळायचा) आणि पेपर फिल्टरचं पाकीट हातात ठेवलं, तेव्हापासून सकाळचा अर्धा तास त्यातच जातोय. बीन्स चिकमगळूरचे, मध्यम भाजलेले. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी, दोन्ही काट्यावर मोजून. माझ्या परीने मी काही कमी ठेवलेलं नाही. तरी सोमवारी पाणी दोन मिनिटांत खाली आणि कप पाणचट, आंबट. मंगळवारी तेच बीन्स, तेवढंच पाणी, आणि पाच मिनिटं झाली तरी शंकूत डबकं साचलेलं. प्यायला घेतली तर काढा.

दळते मिक्सरच्या छोट्या भांड्यात. (चटणीच्या नव्हे. ती चूक एकदा करून झाली. आपल्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसणाची लाल, भांडं दोनदा घासलं तरी कॉफीला लसूण आलाच. आता कॉफीचं भांडं वेगळं ठेवलंय.)

१० सेकंद, १५ सेकंद, २० सेकंद, सगळं करून पाहिलं. काल दळलेली कॉफी पांढऱ्या कागदावर पसरली. काही दाणे मोहरीएवढे, काही जाड्या रव्यासारखे आणि बाकी बोटाला चिकटणारी धूळ, अगदी हळदीच्या पुडीसारखी. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. चिमूटभर उचलून चोळली आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात भरडा कुठला आन् पीठ कुठलं? दोन्ही एकातच काढलंयस की." त्यांच्या माहेरी जातं होतं. डाळ भरडायची असली की मधल्या खुंटीवर चिंधी गुंडाळून वरचा दगड जरासा उचलायचा, पीठ हवं असलं की चिंधी काढायची. मिक्सरला ही चिंधी कुठं घालायची, असं त्यांनी विचारलं. माझा प्रश्नही तोच आहे.

मिक्सरवरच काही जुगाड आहे का? की हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्यावाच लागेल? बजेट अडीच-तीन हजार, त्यात कामाचा येतो का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, सासूबाईंनी निम्मं उत्तर दिलंच आहे. मिक्सरचं पातं दळत नाही, फोडतं. जो दाणा पात्याखाली सापडला त्याचे तुकडे, त्या तुकड्यांचे परत तुकडे, आणि जो कडेला उडाला तो तसाच. वेळ वाढवला की मोठे दाणे कमी होतात, पण धूळ त्याहून जास्त वाढते. धुळीतून पाणी सगळा कडूपणा ओढून आणतं, शिवाय ती कागदाची भोकं बुजवते. ते तुमचं मंगळवारचं डबकं. मोहरीएवढ्या दाण्याच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही, तो आंबटपणा सोमवारचा. खरं तर दोन्ही रोजच कपात असतात, कधी ह्याचं पारडं जड, कधी त्याचं.

बर ग्राइंडर म्हणजे जातंच. दोन दातेरी चाकं (त्यांनाच बर म्हणतात), मध्ये ठरवलेली फट. दाणा त्या फटीएवढा झाल्याशिवाय खाली पडत नाही. फट कमीजास्त करायचा जो स्क्रू असतो, ती तुमची चिंधी. धूळ त्यातही थोडी निघतेच, पण इतकी नाही.

तोवर मिक्सरवर असं करा: एका वेळी २० ग्रॅमच घ्या. सेकंदभर फिरवा, थांबा, भांडं उचलून हलवा, परत सेकंदभर. सलग फिरवू नका, भांडं तापतं आणि वासही जातो. मग मैद्याच्या बारीक चाळणीने धूळ काढून टाका. फेकू नका, दुधाच्या कॉफीला चालते.

प्रतिसाद २

डंकीवर देऊन बघा की, मिरची कांडून झाल्यावर :) मसाला कॉफी फुकटात.

प्रतिसाद ३

वरच्या डंकीवाल्यांचं ऐकू नका!

ग्राइंडरबद्दल. मी साताऱ्यात, गेली ३ वर्षं हाताचाच वापरतोय. पहिला स्वस्तातला, सिरॅमिक बरचा घेतला होता. बारीक दळायला बरा, पण पोर-ओव्हरला, म्हणजे तुमच्यासारख्या ओतून गाळायच्या कॉफीला, लागतो तसा जाडसर ठेवला की आतला दांडा डुगडुगायचा. फट एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे दाणे पुन्हा लहानमोठे. म्हणून घेताना एकच बघा: दांड्याला वर आणि खाली, दोन्हीकडे बेअरिंग आहे का. खालचा बर बोटांनी हलवून बघा, हलला तर तिथंच ठेवून या. तीन हजारांत असा मिळणं कठीण आहे, स्टीलच्या बरचा चांगला घ्यायचा तर दुप्पट तरी धरा. थांबा, पण घ्याल तर तोच घ्या.

आल्यावर दोन्ही बर एकमेकांना टेकतात तो शून्य धरायचा आणि तिथून फटीचा स्क्रू फिरवताना होणारी टिकटिक मोजत उलटं यायचं. बारीक मिठापेक्षा जरा जाड, इतपत सुरुवातीला ठेवा. आधी ४० ग्रॅम पाणी, अर्धा-पाऊण मिनिट कॉफी फुलू द्यायची, मग उरलेलं. सगळं मिळून ३ मिनिटांच्या आसपास उतरलं पाहिजे. लवकर उतरून आंबट लागली तर दोन टिक बारीक, रेंगाळून कडू लागली तर दोन टिक जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला. पाण्याच्या तापमानाच्या मागे तर आत्ता लागूच नका. आमचा सातारा ७०० मीटरच्या आसपास उंच, इथं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, मी उकळल्या उकळल्या ओततो आणि काही बिघडत नाही.

दळण्याआधी बीन्सवर एक-दोन थेंब पाणी चोळा. भुकटी भांड्याला चिकटायची थांबते.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, डंकीवाल्यांचेसुद्धा. आज सकाळी थांबत थांबत फिरवून, मैद्याच्या चाळणीने चाळून केली. २० ग्रॅममधून ४ ग्रॅम धूळ निघाली! पाणी ३ मिनिटं १० सेकंदांत उतरलं. कडवटपणा बराच गेला, थोडा आंबटपणा आहे, तो त्या मोहरीएवढ्या दाण्यांचा असणार. धुळीची दूध-कॉफी सासूबाईंनी घेतली, त्यांना माझ्या कपापेक्षा तीच आवडली. ग्राइंडरसाठी दोन महिने पैसे बाजूला ठेवते.

एक राहिलं. चाळल्यावर कॉफी कमी भरते. मग १५ ग्रॅम आधी मोजायची की नंतर?

प्रतिसाद ३

चाळून झाल्यावर. आणि ते मोहरीएवढे दाणे चहाच्या गाळणीवर वेगळे काढा, मिक्सरला परत एकच फेरी द्या, पुन्हा चाळा, मग काट्यावर ठेवा.